रंग सावलीत गेला

मंगळवार, १४ मार्च १९७२

आज प्रयोगशाळेतल्या नरसय्यावर फार ओरडले. निळा रंग घातलेल्या जंतूंच्या काचबशा काल उन्हात ठेवल्या होत्या, त्याने लगेच कपाटात हलवल्या. त्याच्या घरचा धंदा सूत रंगवण्याचा.

"बाई, रंगाचं कुनी उन्हात ठेवतंय व्हय? उडतोय की!"

"तुला विचारलं होतं?"

मान खाली घालून गेला. मग बशा पाहिल्या. सगळे जंतू जिवंत. आधीच्या प्रयोगांत रंगाशिवाय नुसत्या उन्हातही ते जगलेच होते. मेले होते ते फक्त रंग आणि ऊन एकत्र आल्यावर. म्हणजे उजेडच रंगाचं औषध करतो? हो, उजेडच! वर्षभर हेच तर शोधत होते.

"बघ, नरसय्या!" मोठ्यानं म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. घरी आले, तर इथेही सांगायला कुणी नाही.