खिडकीशी हसणारी बाई

२ फेब्रुवारी, रविवार

हडपसर ते शनिवार पेठ, बसने. कॅमेरा पोटाशी. एक चेहरा धड मिळाला नाही. विचारलं की माणूस ताठ होतो, केसांवरून हात फिरवतो, हनुवटी वर. न विचारता काढावा तर... आज एका आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय हो, आमच्यात एवढं काय विशेष?" मी मागच्या सीटवर जाऊन बसलो.

५ फेब्रु., बुधवार

ऑफिसनंतर शनिवार पेठेत, फोटो क्लब. प्रदर्शनाची निवड. देशमुख सरांनी माझे प्रिंट पत्त्यांसारखे पिसले. "छान. आधार कार्डावर शोभतील." सगळे हसले. मीही हसलो, गाढवासारखा. एकच जागा उरलीय. मुदत १७ तारखेची.

९ फेब्रु., रविवार

मिळाला!! लोणी काळभोरची बस, दुपारची. खिडकीशी एक बाई, पन्नाशीच्या. एकट्याच. पदर वाऱ्यावर, डोळे मिटलेले, आणि हसतायत. कुणाला दाखवायला नाही, आपलं आपल्याशीच. एकदाच बटण दाबलं. विचारायला उठेपर्यंत लोणीला उतरून गेल्या.

घरी आल्या आल्या बायकोला दाखवला. मेघा म्हणाली, "त्यांना विचारलंस?" झालं. सगळी मजा गेली.

११ फेब्रु., मंगळवार

सरांनी फोटो दिव्याखाली धरला. मग, "हा तुम्हीच काढलाय ना?" म्हणजे पसंत. वर, "बाईंना विचारून या, मगच लावू." आता कुठे शोधू? नुसती चिडचिड. मेघा गालात हसतेय.

१६ फेब्रु., रविवार

लोणी. स्टॉपवरच्या फुलवाल्या मावशींनी फोटो लगेच ओळखला. "शोभा हाय की. पिठाच्या गिरणीत बसती."

गिरणीत गेलो, कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. शोभाताईंचा चेहराच उतरला. "आवं, हडपसरला थोरल्या दिराचं दहावं होतं. तिथनं येत होते मी."

मी कॅमेरा खाली घेतला.

"घरात कुनी बघितलं तर? मानूस गेलाय आन् ही हसतीय." मग हळू आवाजात, "लई छळलं ओ त्यानं. आमच्या मालकांनी त्याच्यापुढं कधी तोंड उघडलं न्हाई."

म्हणालो, पुसतो, आत्ता, तुमच्यासमोर. तर माझा हात धरला. बाहीला पीठ लागलं. "पुसू नका. मी अशी कवाच दिसले न्हाई."

"मग प्रदर्शनात लावू?"

"पुण्यात ना? आमच्यातलं कोन येतंय तिथं..."

तेवढ्यात कुणीतरी दळण घेऊन आलं. त्या वळल्या. गिरणी सुरू. बराच वेळ उभा राहिलो, पण त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे हो समजायचं की नाही?

१७ फेब्रु., सोमवार

सकाळी सरांचा फोन. "आणताय, की दुसऱ्याचा लावू?" म्हटलं, येतो. मेघा एवढंच म्हणाली, "दीर हडपसरचाच ना? हडपसरची माणसं शनिवार पेठेत येत नाहीत वाटतं." राग आला. खरं बोलली म्हणूनच.

अर्धी रजा. क्लबच्या जिन्यात बसलोय. प्रिंट मांडीवर, उलटा. वर खिळे ठोकतायत. सरांचा आवाज, "अहो, त्या कोपऱ्यातली जागा मोकळी ठेवा, येतायत ते."


दोन पायऱ्या चढून परत बसलो.