दिसायला तीच फटफटी

मी, खाली सही करणारी, धंदा मोटारसायकलींच्या सीट शिवणे, बाजारात ‘सीटवाली’ म्हणून ओळखली जाणारी, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी लावावी हे स्वखुशीने लिहून ठेवत आहे. खुब्याचा सांधा नवा बसवलेला आहे. डोकं मूळचंच आहे आणि ते नीट चालतं, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तर त्याचं नाव सगळ्यात आधी लिहिलं असतं.

यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं मुलाच्या नावे होतं. का बदललं ते पुढे येईल.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची दुकानाची खोली, मुलगा आणि मुलगी यांना समसमान. पैकी दुकानाची खोली घाईबाईला धंदा करायचा असेल तोवर विनाभाडे वापरू द्यावी. घाईबाई म्हणजे माझ्याकडे इतकी वर्षं कामाला असलेली बाई. हात चांगला आहे, पण दर वेळी टाका घालण्याआधीच पुढच्या टाक्याकडे निघालेली असते, म्हणून हे नाव.

कलम २. जाड सुईचं शिलाई मशीन, आऱ्या, कात्र्या, फोम कापायच्या सुऱ्या, सगळं घाईबाईला. सुऱ्यांना धार तिने स्वतः लावावी. बाहेर दिल्या की परत येतात त्या आपल्या नसतात.

कलम ३. समोरच्या रेडिमेड कव्हरवाल्याला माझ्याकडचे रेक्झिनचे सगळे उरलेले तुकडे द्यावेत. माझ्या सीटवर बसून माणसाची पाठ धरते असं तो गिऱ्हाइकांना सांगत आला. तुकडे कापून त्याचा हात बसला तर माझी हरकत नाही.

कलम ४. थोरल्या दिरांना काही नाही. यजमान गेले तेव्हा, अजून घरात माणसं बसलेली असताना, ते मला म्हणाले होते, “ती फटफटी विकून टाक आणि आता तरी बाईमाणसासारखी राहा.” पैकी कुठलीच गोष्ट मी केली नाही.

कलम ५. यजमानांची जुनी फटफटी या मृत्युपत्रात नाही, कारण ती माझ्याकडे नाही. तिची हकिगत लिहिल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत.

यजमान कारखान्यात टर्नर होते. ही गाडी त्यांनी भंगारातून सुट्या भागांत आणली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भाग घडवून उभी केली. मागे लोखंडी कॅरियर वेल्डिंग करून बसवलं, रेक्झिनचे गठ्ठे आणता यावेत म्हणून. सीट मी शिवली. मापापेक्षा हातभर लांब, म्हणजे ते पुढे, मुलगी मध्ये, मी मागे, असे तिघं मावत होतो. मुलगा टाकीवर. पुढे त्यांनी मलाही चालवायला शिकवलं. गल्लीतल्या लोकांना बोलायला विषय झाला.

त्याच गाडीवर ते गेले. उताराच्या रस्त्याला पुढचा ट्रक एकदम थांबला, ही थांबली नाही. जुन्या ब्रेकचं तसंच असतं, दाबले की आधी विचार करतात. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, “आई, आजकालच्या गाडीचा ब्रेक असता तर बाबा घरी आले असते.” खरं होतं. तरी मी गाडी दुरुस्त करून घेतली आणि चालवत राहिले. मुलगी तिला ‘ती बया’ म्हणायची. लग्नानंतर माहेरी आली की तिच्याकडे पाठ करून बसायची. हळूहळू येणंच कमी झालं.

मागच्या साली खुब्याच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात होते. मुलगा कागद पुढे करत होता, मी सह्या करत होते. त्यात एक कागद गाडीच्या विक्रीचा होता. घरी आले तर नेहमीच्या पत्र्याखाली झाकलेली मोटारसायकल उभी होती. मुलाने कापड ओढलं.

“ओळख बघू, आई.”

तोच हिरवा रंग, तोच गोल दिवा, तशीच पोट सुटलेली टाकी. फक्त कॅरियर नाही.

“आपली कुठे आहे?” मी विचारलं.

“दिली. ही दिसायला तीच आहे ना? कंपनी आता मुद्दाम जुन्यासारख्या काढते. बटण दाबलं की चालू. किक मारणं तुला आता झेपणार आहे का?”

मी सीटवरून हात फिरवला. शिवणीच्या जागी दोराच नव्हता. टाके साच्यातच उमटवलेले.

“हिच्यावर टाके नुसते छापलेत,” मी म्हणाले. “घातलेले नाहीत.”

“टाके कोण बघतं, आई?”

सीट शिवून वाढवलेला मुलगा हे बोलला, याची इथे नोंद असावी.

घेणाऱ्याचा पत्ता सुनेने काढला आणि तीच मला त्या नव्या गाडीवर मागे बसवून घेऊन गेली. वाटेत कुत्रं आडवं आलं. तिने ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. कुत्रं गेलं. मी मात्र बराच वेळ तिचा खांदा सोडला नाही. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मुलीला सांगायची गरज नाही, तिला माहीत आहे.

घेणारे गृहस्थ धंद्याने बांधकामवाले, जुन्या गाड्यांचे शौकीन. दिवाणखान्यात गालिच्यावर, झुंबराखाली आमची गाडी उभी होती. मला ती आधी ओळखूच आली नाही.

“पूर्ण मूळ रूपात आणली आहे,” ते म्हणाले. “आधी फार वाट लावलेली होती. मागे कुणीतरी लोखंड जोडलेलं. सीट तर अगदीच गावठी, लांबलचक. परदेशातून बरोबर मापाची मागवली.”

“चालते का?” सुनेने विचारलं.

“चालवायची कशाला? तेल काढून टाकलंय. खराब होईल ना.”

“आधीची सीट कुठे आहे?” मी विचारलं.

“रंगाऱ्यांनी फेकली असेल. का हो?”

मी गाडी परत मागितली. ते हसून म्हणाले, विकायची नाही, पण बघायला केव्हाही या. चहा आला होता, मी घेतला नाही. बाहेर उभी होती ती नवी, जुनी दिसणारी. आत होती ती जुनी, नवी केलेली. आमची दोन्हींत नव्हती.

घरी येऊन मुलाला समोर बसवलं. मला वाटलं होतं, पैशाची नड असेल. तो म्हणाला, “ताईसाठी विकली. त्या गाडीपायी ती घरात पाऊल टाकेनाशी झाली होती. म्हटलं, ती बया गेली की ताई येईल.”

मी त्याच्यासमोरच मुलीला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

“मला ती बघवत नव्हती, आई,” ती म्हणाली. “पण बाबांच्या हातचं दुसरं काय होतं आपल्याकडे? मी मागणार होते ती. तुझ्यानंतर.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू तरी कधी विचारलंस?”

तेव्हापासून ती भावाशी बोललेली नाही. पत्र्याखालची ती बया गेली, ताई काही आली नाही.

कलम ६. नवी मोटारसायकल, कागदोपत्री माझ्या नावावर आहे ती, सुनेला, एकटीला, तिच्या स्वतंत्र मालकीची. मुलाने तिच्यावर हक्क सांगू नये. सुनेने बोलावलं तर मागे बसावं. सीट घाईबाईकडून नवी शिवून घ्यावी, खऱ्या दोऱ्याने. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही सुनेलाच. त्या दिवशी परतताना तिने मला एकही समजुतीची गोष्ट सांगितली नाही, हे त्याचं कारण.

कलम ७. दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, बाई, खरी जुनी घ्यावी की नवी, जुन्यासारखी? हल्ली मी सांगते, वेळेवर घरी पोचायचं असेल तर नवी घ्या आणि तिला जुनी म्हणू नका. जुनी घेतलीत तर तिला रोज हात लावावा लागेल, आणि हात लावला की शौकीन लोक म्हणतील, वाट लावली. माझ्यानंतर कोणी विचारलं तर घाईबाईने हेच सांगावं. सावकाश सांगावं.

कलम ८. मुलाने माफी मागितली. मी म्हटलं, “जेवून घे, गार होतंय.” त्याचा अर्थ माफ केलं असा त्याने काढू नये. मुलीने माफी मागितलेली नाही. तिने मागावी असं काही केलेलंही नाही, तरी मला तिचाही राग आहे. कारण कळलं की राग जातो म्हणतात. माझा गेला नाही.

हा राग माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती मी कोणाच्याही नावे करत नाही. बहीणभावांनी त्यावर वारसा सांगून तो एकमेकांवर धरू नये. तो माझ्याबरोबर जाईल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. डॉक्टर म्हणाले, शेवटचं कलम कायद्यात बसणार नाही. मी म्हटलं, राहू द्या.

ठिकाण : राहतं घर, दुकानाची खोली
दिनांक : सहीखाली स्वहस्ते घातला आहे

सही : सीटवाली

साक्षीदार :
१. घरचे डॉक्टर (सही, शिक्का)
२. कोपऱ्यावरचे स्पेअर पार्टवाले (सही. चष्मा विसरल्याने ओळीच्या खाली गेली आहे, ती त्यांचीच समजावी.)