डावा कौल

लोणावळे,
चैत्र, १९४४

प्रिय दत्तोबा,

हे पाकीट हातात पडल्यावर तू म्हणशील, “ह्या कोळसेवाल्याला आता काय पायजे?” म्हण बाबा. दोन वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस, तरी तुझं बोलणं मला इथवर ऐकू येतं. कान कसले आहेत माझे, ठाऊकच आहे तुला. पोतं न उघडता, नुसतं हलवून आवाजावरून सांगायचो, कोळसा ऐनाचा की जांभळीचा. ह्या कानांच्या जिवावर भाजे गावच्या वरच्या वाडीतला भिमा लोणावळ्याच्या पेठेत भिमाजीशेट झाला. आता छातीत भट्टीचा धूर बसलाय. दहा पावलांत धाप लागते, तुमची चढण काही माझ्यानं होत नाही. म्हणून लिहितोय. मास्तर वाचून दाखवतील.

आपला गाडीवान युनूस बरा आहे. बैल विकून त्यानं मोटारीवर नोकरी धरली. लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, तेव्हा मागं कोळशाची भट्टी लावून तिच्या वायूवर गाडी चालते आणि घाटात निम्म्यावर बसते. मग उतारूंनी ढकलायची. “बैल बरे व्हते शेट, निदान शिवी तरी कळायची त्यास्नी,” म्हणतो. ह्याच मोटारींच्या कोळशासाठी आपल्या वाघजाईची वरची राई मी जाळली.

गुरं राखायला जायचो तेव्हा त्या राईत दुपारीसुद्धा अंधार असायचा, आठवतं? आणि डोक्यावरून तो शिंगचोच्या पक्षी, धनेश, गेला की पंखांचा असा आवाज यायचा की वाटावं, घाटात इंजिनच वाफ टाकतंय. होळीच्या सुमाराला मादी बेहड्याच्या ढोलीत शिरायची, आतून दार लिंपून घ्यायची, चोचीपुरती फट ठेवायची. आतल्या आत तिची पिसं झडायची. नर दिवसभर नांदरुकाची, उंबराची फळं आणून भरवायचा. तुझी आई झुंबरबाई आपल्याला दटावायची, “बाळंतीण हाय रं ती. दाराशी दंगा करू नगा.”

आता कौलाचं. देवीला विचारल्याशिवाय राईला हात लावायचा नाही, म्हणून वाघजाईच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना तू, तिचा गुरव, ओली फुलं लावलीस. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार, हे पोरासोरालाही माहीत. पण प्रश्न मी घातला होता. मी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, “आई, उजवा दिलास तर होळीआधी तोडतो, डावा दिलास तर होळीनंतर.” सगळ्या वाडीनं माना डोलावल्या. किती भक्तीनं विचारतोय भिमाजी! डावं फूल पडलं. आईनं नको म्हटलं होतं, दत्तोबा. तू मात्र माझ्याच प्रश्नाप्रमाणं सांगितलंस, “व्हळीनंतर.” तुझी काही चूक नाही. प्रश्नात नकाराला जागाच ठेवली नव्हती मी. घरी येऊन बायकोला हसत सांगितलं, तेव्हा तिनं ताट पुढं सरकवलं आणि उठून गेली.

कुऱ्हाडी चालू झाल्या तेव्हा तू माझा हात धरलास. “भिमा, लेका, येवढं येक ढोलीचं झाड सोड.” मी सोडलं. शब्द पाळला म्हणून वर मिरवलंही. भोवतीचे नांदरूक, उंबर, पायर सगळे भट्टीत घातले आणि तो एक बेहडा उघड्या माळावर उभा ठेवला. बाळंतिणीची खोली राखली, चूल मोडून टाकली.

पावसाळ्यात तिथला झरा गढूळ झाला, पुढच्या माघात आटला, आणि तू बोलणं टाकलंस. त्याआधी एकदा तू विचारलं होतंस, “पाखरं कुटं गेली?” मी म्हणालो, “उडून गेली खालच्या राईत.” ते खोटं होतं.

नर तिला फळं आणत होता. आधी दिवसातून वीसदा, मग दहादा. पार खालच्या राईतून आणायचा. भट्ट्यांवर बसून मी ऐकत होतो. पंखांचा आवाज जड होत चालला होता. एके दिवशी आलाच नाही. त्यानंतर चार दिवस झाडातून टकटक येत होती. मजुरांना ती ऐकू येत नव्हती, मला येत होती. पाचव्या दिवशी ती थांबली, तेव्हा कुठं मी युनूसला सांगितलं; त्यानं शिडी लावून चढून लिंपण फोडलं. मादीच्या अंगावर उडण्याजोगं एक पीस नव्हतं. नुसता हाडांचा सांगाडा, पोटाखाली दोन पिल्लं. तिघंही गार. युनूस खाली उतरला आणि मला एवढंच म्हणाला, “चार दिस तुमाला ऐकू येत व्हतं, व्हय?”

गेल्या पावसाळ्यात माणसं पाठवून तिथं उंबराच्या, नांदरुकाच्या फांद्या रोवल्या. ढोरांनी खाल्ल्या. यंदा काटेरी कुंपण घातलंय. सतरा जगल्यात, गुडघ्याएवढ्या. त्यांना फळ धरायला जन्म जाईल. आणि खरं रान माणसाच्या हातानं येत नाही. फळं खाऊन पाखरू बी टाकील तिथं ते येतं. ती पाखरं आता फक्त खालच्या राईत उरलीत. गेल्या महिन्यात युनूसनं एक जोडी बघितली. एकच.

परवा माझ्या वखारीत नवा ठेकेदार आला होता. पलीकडच्या खोलीत कारकुनाशी कुजबुजत होता. भिंत जाड आहे, पण कान माझे आहेत. “येत्या मंगळवारी खालच्या राईचा कौल. भिमाजीनं घातला तसाच प्रश्न घालायचा. फूल कुठलंही पडो.” म्हणजे माझी लबाडी आता धंद्याची रीत झाली. म्हणून हे पत्र एकट्यानं ऐकून ठेवू नकोस. मंगळवारी फुलं लावण्याआधी साऱ्या वाडीपुढं मास्तरांना मोठ्यानं वाचायला सांग, माझ्या नावासकट, टकटकीसकट. लोक थुंकतील, थुंकू देत. मग तू स्वतः विचार, “आई, राई तोडायची का नको?” एवढंच. त्यापुढं एक शब्द कुणाला जोडू देऊ नकोस.

तुझाच,
भिमा