अडतीस पूर्ण

शुक्रवार, २३ जानेवारी

पहाटे सांगवीत पोचलो. बूट अजून ओले आहेत. बायकोने, पद्माने, पाणी तापवून ठेवलं होतं. बरं वाटलं.

क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन. गुरुवारी चाकणच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी, म्हणून कंपनीची सहल काल काढली. माणसं अडतीस, आणि सेफ्टी ऑफिसर म्हणून यादी माझ्या खिशात. समुद्रातला किल्ला पाहून परत येताना लाँचचं इंजिन बंद पडलं, तळातून पाणी यायला लागलं. सगळे एका बाजूला धावले, तशी लाँच कलली. मी ओरडून एकेकाला खाली बसवलं, लाइफ जॅकेटं चढवायला लावली. वीस वर्षं आगीचे मॉक ड्रिल घेतोय, लोक हसत येतात, हसत जातात — काल कुणी हसलं नाही!

मासेमारीच्या तीन होड्या आल्या. दोर, हात, ओढाताण. अर्ध्या तासात सगळे होड्यांत.

धक्क्यावर मी हजेरी घेतली. पोलिसांची बोट अजून पाण्यात होती, वरच्या साहेबांची फोनवर विचारणा चालली होती — पूर्ण का, पूर्ण का? मी सांगितलं, अडतीस पूर्ण. बोट वळली.

थोड्या वेळाने जयसिंग आला. प्रेस शॉपमधला, कॉन्ट्रॅक्टवरचा.

"साहेब, प्रितम कुठंच न्हाई. तिन्ही होड्या बघून आलो."

बोट परत पाठवली. प्रितम सापडला तेव्हा हजेरी होऊन चाळीस मिनिटं झाली होती. लाँचमधून होडीत जाताना पडला, गडबडीत कुणाला कळलं नाही. जॅकेटमुळे तरंगत होता, पण शुद्ध नव्हती. श्वास चालू होता.

शनिवार, २४ जानेवारी

प्रितमला पिंपरीच्या दवाखान्यात आणलंय. छातीत पाणी गेलंय, डॉक्टर अजून खात्री देत नाहीत. त्याची बायको दीपमाला बाकावर बसून होती. मला म्हणाली, तुम्ही होता म्हणून बाकीचे तरी आले. मान वर करवली नाही.

हजेरीत प्रितमच्या नावाला 'हाय' म्हणून ओ दिली कोण? आमच्याकडे ही रीतच. ड्रिलच्या हजेरीला एक जण कॅन्टीनला गेलेला असतो, दुसरा त्याच्या नावाला ओ देतो. मला ठाऊक असतं. कागदावर शंभर टक्के दिसतात, मीही गप्प बसतो. आणि प्रितमची ओ नेहमी जयसिंगच देतो. खोली एक, गाव एक.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झालं. मॅनेजर साहेबांनी माझं कौतुक केलं, शाल दिली. टाळ्या. खोटं कशाला लिहू, आवडलं.

मग केबिनमध्ये चौकशी. चुकीची ओ कुणी दिली? मी जयसिंगचं नाव सांगितलं. त्याला बोलावलं. तो भांडेल असं वाटलं होतं.

"माझ्या तर ध्यानात न्हाई साहेब. पण सवयीनं निघालं आसंल तोंडातून. माझ्यामुळंच झालं म्हणा."

ठेकेदाराला निरोप गेला — शुक्रवारपासून याला गेटच्या आत घेऊ नका. वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो, तर जयसिंग दीपमालासाठी डबा घेऊन आला होता. मी जिन्यावरूनच मागे फिरलो.

मंगळवार, २७ जानेवारी

प्रितमने डोळे उघडले! दीपमालाला ओळखलं. नळी उद्या काढणार.

बुधवार, २८ जानेवारी

चौकशीला मूळ यादी हवी होती. मी पँटचे खिसे धुंडाळत होतो, तेव्हा पद्मा म्हणाली, पँट भिजत घालण्याआधी कागद काढून सुकवलाय, कपाटावर आहे. पापडासारखा कडक झालेला.

वर एकतीस परमनंट. प्रत्येकाच्या नावापुढे वेगळी खूण. खाली सात कॉन्ट्रॅक्टवाले. त्यांच्यापुढे खुणा नाहीत — वरून खाली एकच रेघ. माझ्याच पेनाची.

ती नावं मी घेतलीच नाहीत. वरून विचारत होते, वारा होता, मला पूर्ण म्हणायची घाई होती. कुणी ओ दिलीच नाही. ओ द्यायला नाव तर घ्यायला हवं.

त्या सातांत प्रितमसोबत जयसिंगही आहे. तो तरी आला का, हेही मी विचारलं नव्हतं.

कागद आणि शाल घेऊन चाकणला निघालोय.