सामाईक होडीवरचा हत्ती

ती. मेव्हिसआत्येस,

भटक्या कॉल्बीचा जॉर्जियातून वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? कोंबड्या अंडी घालतात की नुसत्याच मिरवतात? मी अगदी सुखात आहे. तुझे दीर हार्लनकाका मला गॅरेजवरच्या खोलीत ठेवून पोटभर जेवू घालतात, आणि त्या बदल्यात मी त्यांची होडी खरवडून रंगवतोय. (तू चार दिवस राहा म्हणाली होतीस, हे मला आठवतंय. पण इकडे ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात. आधी वाटलं सडल्यात, आता खिशात घेऊनच झोपतो. असो, शेंगांवर मी फार वेळ जाईन.)

होडी एकट्या काकांची नाही, निम्मी शेजारच्या लेस्टरकाकांची. म्हणून ती दोन घरांच्या मधल्या गवतावर, लाकडी टेकूंवर ठेवलेली असते. हार्लनकाका जन्माचे रिपब्लिकन, म्हणजे हत्ती चिन्हवाले. लेस्टरकाका पिढीजात डेमोक्रॅट, गाढववाले. आणि दोघांचा तरुणपणापासूनचा करार असा, की राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला कुणीच मत द्यायचं नाही, तळ्यावर मासे धरायला जायचं. याचं मत त्याच्या मताने खोडलंच जाणार, मग रांगेत पाय कशाला मोडायचे? पूर्वी हे परवडायचं. जॉर्जिया कुणाच्या पदरात पडणार ते आधीच ठरलेलं असायचं, तुमच्या कॅन्ससचं असतं तसं. पण आता इथला काटा केसभराने इकडचा तिकडे होतो, आणि ज्याची मतं जास्त त्याला अख्खं राज्य. त्यामुळे दारावर इतके प्रचारवाले येतात, की काकांचा कुत्रा (त्याचं नाव बिस्किट, पण खातो मात्र मोजे) भुंकून भुंकून कंटाळला आणि आता नुसती शेपटी हलवतो.

तर मागच्या आठवड्यात मी होडीखाली उताणा पडून तळ खरवडत होतो. हार्लनकाकांचे बूट येऊन थांबले. “कॉल्बी, कुणाजवळ बोलू नकोस. मी यंदा गाढवाकडे झुकलोय. मी नाही रे हललो, पक्षच माझ्या बुडाखालून सरकला.” त्यांची काळजी निराळीच होती. लेस्टर तर गाढववालाच, म्हणजे आता दोघं एकाच बाजूचे. करार पाळला तर एकाच बाजूची दोन मतं तळ्यात बुडणार! दुपारी दुसऱ्या अंगाने लेस्टरकाकांच्या सपाता आल्या. वाक्य तेच, बूडही तेच, फक्त हे हत्तीकडे झुकलेले. “हार्लनला कळलं तर जन्मभर टोमणे मारेल बघ. नाहीतर बोलणंच टाकेल, आणि मग मी मासे कुणाबरोबर धरू?” मी दोघांनाही गप्प राहायचं वचन दिलं. (तोंडात शेंगा होत्या, सोपं गेलं.)

संध्याकाळी ओसरीत बसून दोघांचा जो मोठेपणा चालला, तो तू बघायला हवा होतास. “लेस्टर, मतदान हे कर्तव्य आहे गड्या. मी सोडतो तुला करारातून.” “अरे, मी हेच म्हणणार होतो! तूच जा आधी.” “छे, तू!” दोघांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी एकाच गाडीतून जाऊन, निवडणुकीच्या दिवसाआधीच मत देता येतं त्या रांगेत सकाळभर उभे राहून, मत दिल्याचे, पीचचं चित्र असलेले गोल स्टिकर छातीवर चिकटवून परत आले. प्रत्येकाला वाटतंय, आपल्या बाजूला दोन मतं पडली. बेरीज किती झाली ते एकट्या मला ठाऊक.

त्या आनंदात दोघांनी वेगवेगळं येऊन मला फर्मावलं, की होडीवर आपल्या पक्षाचं चित्र काढ; कुठलं ते तुला ठाऊकच आहे. वर डोळा मारला. मी हार्लनकाकांच्या घराकडच्या अंगाला गाढव काढलं आणि लेस्टरकाकांच्या अंगाला हत्ती. (गाढव जरा सशावर गेलंय. काका म्हणाले, हरकत नाही, तडफदार ससा आहे.) दोघंही आपापल्या खिडकीतून बघून खूश. असं सगळं छान चाललंय, काळजी नसावी.

तुझा भाचा,
कॉल्बी

ता.क. शनिवारी दोघं होडी तळ्यावर नेणार आहेत, आणि ती फिरवल्याशिवाय गाडीला जोडता येत नाही. तेव्हा शुक्रवारी फोन करून गुडघा फार दुखतोय, कॉल्बीला ताबडतोब पाठवा, असं सांगशील का? खरंच दुखत असला तर उत्तमच. एवढी जुनी मैत्री माझ्या ब्रशाने मोडली, तर ती बघायला मला इथे थांबायचं नाही.

ता.ता.क. फोन करू नकोस. त्यांना शनिवारपर्यंत धीर धरवला नाही, आजच होडी फिरवली. दोघांनी होडीभोवती एकेक फेरी मारली. मग लेस्टरकाका म्हणाले, “हा ससा कुणाचा?” “गाढव आहे ते. माझं. आणि हा हत्ती?” “माझा.” आणि काय भांडण पेटलं म्हणतेस! दोघंही होडीत चढून बसलेत, गवतावरच, आणि हार्लनकाका हत्तीला जे जे बोलतायत ते सगळं लेस्टरकाकांनी आयुष्यभर त्यांना ऐकवलेलं. लेस्टरकाकांचंही तसंच. दोघांना एकमेकांचं पाठ आहे. आत्ताच हार्लनकाका मध्येच अडखळले, तर लेस्टरकाका चिडून ओरडले, “अरे, इथे गिरणी बंद पडल्याचं घाल! मी नेहमी इथे गिरणीचं घालायचो!” काकांनी लगेच घातलं.

माझा लोकरीचा कोट तेवढा पाठवून दे. हिवाळाभर मी काही इथून हलत नाही.