पाण्यात विरघळलेले दगड

गुरुजी,

तुम्ही गेल्याला साठ वर्षं होऊन गेली. हे पत्र टपालात पडणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहायला बसले. परवा माझी भाचेसून मला पेपर वाचून दाखवत होती. कुठल्याशा परदेशी गावात आकाशातून काळे दगड पडले आणि लोकांनी ते कोरड्या पिशव्यांत भरून शास्त्रज्ञांकडे पोचते केले, अशी बातमी होती. ती पुढच्या बातमीकडे वळली, तेव्हा मी तिला तेच पुन्हा वाचायला लावलं. ‘कोरड्या’ या शब्दापाशी मला तुमचा चढलेला आवाज ऐकू आला. 

आपला भाग मुंबई राज्यात जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जाफराबादच्या वाटेवरचं आपलं गाव, सातवीपर्यंतची शाळा, तुम्ही हेडमास्तर आणि मी मुलींच्या वर्गाची बाई. मी बावीस वर्षांची. लग्न होऊन सव्वा वर्षात माहेरी परतलेली, मग ट्रेनिंग करून नोकरीला लागलेली. पांढऱ्या कपाळाची बाई आमच्या पोरींना नको, असं सांगायला गावातले चारजण आले होते. तुम्ही खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीत. ‘शिकवायला कुंकू लागत न्हाई,’ म्हणालात आणि हजेरीपट माझ्या हातात दिलात. पुढे मी जे केलं ते अशा माणसाच्या बाबतीत केलं, म्हणून हे आधी लिहिलं.

ती दुपार मला अजून दिसते. पोरं उन्हात बसून पाढे म्हणतायत. एकाएकी लागोपाठ तीन धमाके होतात, पत्रे थरथरतात, कबुतरं उडतात. रझाकारांचे दिवस कुणी विसरलं नव्हतं. बायकांनी लेकरं ओढून घरात घेतली आणि कड्या लावल्या. तुम्ही मात्र मैदानात उभे राहून वर बघत होतात. आभाळात धुराची एक वाकडी रेघ होती आणि तिच्याकडे बघताना तुम्ही मोठ्याने आकडे मोजत होतात. तासाभराने नदीकडच्या ज्वारीतून माणसं ओरडत आली. वावरात काळे दगड पडले होते, कुणी म्हणालं गरम आहेत, कुणी म्हणालं गार. मी पहिला तुकडा हातात घेतला तेव्हा तो लोणारी कोळशासारखा हलका लागला. बोटं काळी झाली आणि डांबरासारखा वास आला.

तुम्ही हैदराबादला कॉलेजात दोन वर्षं शास्त्र शिकून, वडील वारल्यामुळे परत आलेले. तेव्हाचं एक उर्दू पुस्तक तुम्ही पेटीतून काढलंत आणि सबंध संध्याकाळ वाचत बसलात. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींसमोर तुम्ही बशीत पाणी घेतलंत आणि हरभऱ्याएवढा कण त्यात टाकलात. बारीक बुडबुडे आले. आम्ही बघता बघता तो कण फुटला आणि बशीत काळा गाळ राहिला. ‘बघितलं?’ तुम्ही म्हणालात. ‘आभाळातून लोखंडाचे, खडकाचे दगड पडतात, ते पुष्कळ आहेत. हा असला दुनियेत मोजकाच सापडला. पृथ्वी व्हायच्या आधीचा माल आहे हा. ह्याला पाणी बिलकुल लागू देऊ नका. लागलं की खलास.’ कलकत्त्याच्या सरकारी खात्याला तुम्ही त्याच दिवशी पत्र टाकलंत आणि तिथला माणूस येईपर्यंत गावातले सगळे तुकडे गोळा करायचे ठरवलंत.

पण तुकडे तोवर घरोघरी गेले होते. चुलीमागच्या देव्हाऱ्यात, धान्याच्या कणगीत, पोरांच्या उशाशी. परक्या पुरुषाला तिथवर जाता येत नव्हतं. मला येत होतं. मी रोज शाळा सुटली की एकेका घरी जायचे, बायकांजवळ बसायचे, शेंगा सोलू लागायचे आणि उठताना तुकडा मागायचे. तुम्ही प्रत्येक तुकडा तोलून कागदात बांधायचात. चिठ्ठीवर वजन लिहायचात, वावर कुणाचं, कुणी उचलला तेही लिहायचात आणि पुडी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचात. एकदा मी धुणं टाकून तशीच आले आणि ओल्या हातांनी पुडी तुमच्यापुढे धरली. तुम्ही सगळ्या वर्गासमोर ओरडलात. ‘हात पुसा, बाई. अडाणी बायकांना मी समजून घेतो, तुम्हाला न्हाई घेणार.’ मी पदराला हात पुसले. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त, काहीही करून तुमची शाबासकी मिळवावीशी वाटत होती.

त्याच पंधरवड्यात गावात देवीची साथ शिरली. आधी एक पोर, मग एकाच गल्लीतली चार. गावाला दगडाचा आणि साथीचा संबंध लावायला वेळ लागला नाही. काहीजणांनी दगड अवदसा म्हणून आपणहून आणून दिले. काहींना तो देवीनेच पाठवलेला वाटला, त्यांनी तो दडवला. तुम्ही तहसिलीत अर्ज केलात की टोचणारा माणूस लवकर पाठवा. अर्जाची नक्कल मीच सुवाच्य अक्षरात काढली होती, म्हणून त्यात काय होतं हे मला नीट माहीत होतं. ज्यांना अजून देवी निघाली नाही त्यांना टोचायचं, एवढंच त्यात होतं. ज्यांना निघाली त्यांच्यासाठी त्या माणसाकडे काही नव्हतं.

डब्यात एकोणीस पुड्या झाल्या. सगळ्यात मोठा तुकडा, नारळाएवढा, माझ्या शेजारणीच्या घरात होता. तिचा नवरा तेलाचा घाणा चालवायचा. तिची मुलगी सहा वर्षांची, माझ्याच वर्गात नुकती बसायला लागलेली, पाटीवर सगळी अक्षरं उलटी काढायची. तिला देवी निघून पाचवा दिवस होता. दगड तिच्या उशाशी कडुनिंबाच्या पाल्यावर ठेवलेला. तुम्ही मला म्हणालात, ‘तेवढा एक आला की झालं. तुम्हीच आणू शकता तो.’ तुम्ही एवढंच म्हणालात, गुरुजी. मी गेली साठ वर्षं ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं, त्यात दुसरं काही नव्हतं.

मी गेले तेव्हा शेजारीण चुलीपुढे बसून नुसतं पीठ शिजवत होती. घरात देवी म्हणून फोडणी बंद, केस विंचरणं बंद. पोरगी आतल्या अंगाला पडलेली, हूं हूं करत होती.

‘रात्रीपासून डोळा उघडत न्हाई वं, बाई,’ ती म्हणाली. ‘आत फोड उठला म्हणतेत.’

‘गुरुजींनी डागदर बोलावलाय,’ मी म्हणाले.

‘तो डोळा वाचवील?’

‘वाचवील. पण गुरुजी म्हणतेत, दगड द्यावा लागंल. दगड दिला की डागदर जल्दी येईल.’

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठली, दगडाला हळद-कुंकू वाहायला वाटी उचलली, आणि मी घाईने म्हणाले, ‘न्हाई, त्याला काही लावू नका.’ तिने वाटी खाली ठेवली. ‘तुमी म्हणता म्हणून देऊन राह्यले,’ म्हणाली, आणि स्वतःच्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून दगड माझ्या ओटीत घातला. मी शाळेत आणून दिला. तुम्ही तो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेलात आणि माझ्याकडे न बघताच म्हणालात, ‘शाब्बास, बाई.’

टोचणारा माणूस तिसऱ्या दिवशी आला. शाळेच्या ओसरीवर त्याने पेटी उघडली, पोरं रांगेत उभी केली. माझी शेजारीण मुलीला गोधडीत गुंडाळून घेऊन आली. त्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, ‘हिला निघाली ना? मंग आता टोचून काय उपयोग. घरी न्या, बाकीच्यांना लागंल.’  ती गोधडी सावरून परत गेली. मी आत फळा पुसत होते. तो आधीच पुसलेला होता.

मुलगी त्यानंतर दोन दिवसांनी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना चालू असताना मुलीचा बाप सातआठजणांना घेऊन शाळेत आला. माझी शेजारीण मागे उभी होती. दंगा कुणी केला नाही, आवाजसुद्धा फार चढला नाही. बाप तुम्हाला म्हणाला, ‘दगड दिला तर डागदर माझी पोरगी बरी करील, असं तुमी कबूल केल्तं का न्हाई?’

तुम्ही गोंधळलात. ‘मी?’ म्हणालात. मग तुमची नजर फिरत माझ्यावर आली. मी दारात होते, हजेरीपट छातीशी धरून. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मी पटाच्या पुठ्ठ्याकडे.  मग तुम्ही त्याच्याकडे वळलात.

‘हो,’ तुम्ही म्हणालात. ‘केल्तं.’

एकाने तुमची टोपी उडवली, दुसऱ्याने त्याला आवरलं. बाप म्हणाला, ‘देवीला कोरडं डांबून ठेवलं तुमी. आता तुमच्याच हातानं न्हाऊ घाला.’ तुम्ही डबा घेतलात. मरीआईच्या ओट्यावर परात मांडली होती, बाजूला दोन घागरी. मी पोरींना वर्गात बसवून मागोमाग आले. तुम्ही एकेक पुडी सोडत होतात, दगड परातीत ठेवत होतात आणि चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकत होतात. घाई करत नव्हतात. वीस दगड झाले. मग तुम्ही घागर उचललीत. मला वाटलं तुम्ही आता काही बोलाल, निदान त्यांना समजावाल की हे काय आहे. तुम्ही पाणी ओतलंत. बुडबुडे आले, चर्र असा बारीक आवाज झाला. मोठा दगड थोडा वेळ टिकला, मग तोही मधोमध उकलला. दुसरी घागर ओतेपर्यंत परातीत नुसता काळा राडा होता. बायकांनी त्यात बोटं बुडवून लेकरांच्या कपाळाला लावली. माझ्या शेजारणीजवळ लावायला कुणी उरलं नव्हतं. तिने बोट बुडवलं आणि तसंच धरून उभी राहिली.

कलकत्त्याचे साहेब त्यानंतर चार दिवसांनी जीपने आले. तुम्ही टेबलावर वीस चिठ्ठ्या ओळीने मांडल्यात. त्यांनी सगळ्या वाचल्या, वजनांची बेरीज केली आणि काही वेळ डोक्याला हात लावून बसले. मग ओट्यावर जाऊन चाकूने दगडी फटींतला वाळलेला काळा थर खरवडला आणि पाकिटात भरला. ‘इतना बराबर लिखा है आपने,’ ते तुम्हाला म्हणाले. ‘चीज रहती तो...’  फसवून देवीचा दगड नेला असा गावाचा अर्ज आधीच वर गेला होता. महिन्याभरात तुमची बदली अंबडच्या पलीकडे झाली.

जायच्या दिवशी तुम्ही मला तुमची शास्त्राची वही दिलीत. मुलींना शिकवायचे धडे, तुमच्या अक्षरात, काही शब्द उर्दूत आणि समोर मराठी. मी तीस वर्षं त्यातूनच शिकवलं. तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. मी तोंड उघडलं होतं, ‘गुरुजी, त्या दिवशी मी...’ एवढं म्हणालेसुद्धा. तुम्ही गाडीत ट्रंक सरकवत म्हणालात, ‘सहावीच्या मुलींचं वर्तुळाचं राह्यलंय. तेवढं घ्या.’ तुम्ही मला माफ केलं होतं की तुम्हाला माझं ऐकूनही घ्यायचं नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही.

शेजारणीला मी बारा वर्षांनी, गाव सोडताना सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘मला ठाऊक व्हतं, बाई. गुरुजी कुठं आल्ते माझ्या घरात?’ मी विचारलं, मंग तेव्हा बोलल्या का न्हाई? तिने सूप झटकलं. ‘बोलून पोरगी आली असती का,’ म्हणाली. ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली, मी उठले.

हे सगळं तुम्हाला बहुतेक माहीतच होतं, किंवा तुम्ही ताडलं असेल. एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नाही. तुमच्या बदलीनंतर दोन वर्षांनी मी अंबडकडे मावसबहिणीच्या बाळंतपणाला निघाले होते. एस.टी. एका फाट्यावर थांबली. तिथे झाडाखाली तुम्ही उभे होतात. सदरा अंगावर लोंबत होता, गाल आत गेलेले. शाळेच्या पुस्तकांचं पार्सल आलंय का, असं कंडक्टरला विचारत होतात. पार्सल नव्हतं. तुम्ही खिडक्यांवरून नजर फिरवत माझ्या खिडकीपाशी आलात आणि थांबलात, कपाळाला आठी घालून, ओळखीचं कुणी आहे का बघावं तसे. गाडी तिथे दहा मिनिटं उभी होती. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेल्याचं मला पुढे कळलं.

मी तुम्हाला ओळखलं होतं, गुरुजी. मी पदर पुढे ओढून घेतला.