ताईला सांग, मी येतोय

४ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. याच्या पुढे काय लिहायचं ते मास्तरांनी शिकवलं, त्या दिवशी मी शाळा बुडवून ताईबरोबर बाजारात होतो. तेव्हा एवढ्यावर भागव.

मी मजेत आहे. बर्फाच्या कारखान्यातलं काम सोडलं. लगेच कपाळाला हात लावू नकोस. तिथे बोटं आखडायची आणि दिवसभर त्याच चार भिंती. आता डोंगरात बोगदा खणणाऱ्या टोळीत लागलोय. इथे फोन लागत नाही, म्हणून पुन्हा कागदावर कोंबडीचे पाय काढतोय.

आत मशिनचा आवाज एवढा, की शेजारच्याने कानात शिवी हासडली तरी कळत नाही. सगळं हातवाऱ्यांवर. मुकादमाला नवल वाटलं की हा पोरगा एका दिवसात कसा शिकला. मी सांगितलं की माझ्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही, आमच्या घरी असंच बोलतात, खुणाही आमच्याच बनवलेल्या. त्याने मला थेट क्रेनवाल्याला इशारे द्यायला उभं केलं. ताईला सांग, तुझ्यामुळे भावाच्या पाठीवरचं ओझं उतरलं.

संध्याकाळी बाहेर आलो की कान बराच वेळ गुणगुणत राहतात आणि हात आपोआप चालतात. परवा चहावाल्याला साखर कमी घाल असं आपल्या घरच्या खुणेने सांगून बसलो. तो बघतच राहिला. ती खूण कळणारी जगात चारच माणसं, आणि त्यातली तीन तिकडे.

उन्हाळ्यात नक्की येतो. आलो की इस्त्रीचं दुकान टाकायचं. ताई इस्त्री करेल, गिऱ्हाइकांशी मी बोलेन. लहानपणापासून तिचं तोंड मीच आहे, दुसऱ्या कोणाला तिचं बोलणं कळतंय कुठे? ताईला सांग, मी येतोय.

बाबांना नमस्कार. माया आहे तेवढी असू दे, नोकरी सोडली म्हणून कापून घेऊ नकोस.

तुझा
धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या जोडीला पाठीत एक धपाटा. पायाला भिंगरी लावूनच जन्मलास असं तुझे बाबा म्हणतात, आणि वर ही भिंगरी तुझ्याकडची, असं मलाच ऐकवतात.

इकडची बातमी मोठी आहे. बसस्टँडच्या मागे जुन्या बँकेच्या इमारतीत एक केंद्र निघालंय. खाली चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या दुरुस्त करून देतात, ज्याला थोड्या दिवसांपुरत्या हव्यात त्याला वापरायलाही मिळतात. वर वर्ग चालतात. एका खोलीत न दिसणारी माणसं बोटांनी वाचायला शिकतात, शेजारच्या खोलीत आमचा खुणांच्या भाषेचा वर्ग. आमचा म्हणायचं कारण असं, की ताईला एकटीला घेत नाहीत, घरच्यांनीही बसलंच पाहिजे. शनिवारी सगळ्या घरांची माणसं जमतात आणि आपापली गाऱ्हाणी सांगतात. मला वाटायचं, असं फक्त आपल्याच घरात आहे. तिथे माझ्यासारख्या आया बाकांवर मावत नाहीत.

शिकवणाऱ्या बाईंना स्वतःलाही ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी ताईला घरच्यांबद्दल विचारलं. तिने आपल्या खुणांनी भडाभडा सांगितलं. बाईंना त्यातलं काही कळेना, आणि खरं सांगू, मलाही निम्मंच कळलं. तुझ्याविषयी होतं एवढं नक्की, कारण सारखी दातावर टिचकी मारून तुझा तुटका दात दाखवत होती.

बाबा पहिले दोन दिवस आढेवेढे घेत होते. उभा जन्म विटा रचून त्यांची बोटंही विटांसारखी झालीत, वाकतच नाहीत. आता बसमध्ये उभ्याउभ्या सराव करतात, लोक सरकून जागा देतात. घरी जेवताना सगळ्यांचे हात बोलण्यात, ताटं गार.

तू उन्हाळ्यात येतोस ते ताईला सांगितलं. ती रोज रात्री तुझं अंथरूण घालते, सकाळी मी गुंडाळते, रात्री पुन्हा घालते. वेडी माया, दुसरं काय.

डोक्यावर टोपी घालूनच आत जात जा. जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळ.

तुझी
आई


१५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. टोपी घालतो, शप्पथ.

केंद्राचं वाचून आनंद झाला असं लिहायला पाहिजे. झाला थोडा. पण आपल्या खुणांत काय वाईट होतं? ताई रडली तरी मला कळायचं, लटकी रागावली तरी कळायचं. आता त्या बाई तिला नवं शिकवणार, तुम्हीही शिकणार, आणि मी आलो की तुमच्या तोंडाकडे, म्हणजे हातांकडे, बघत कोपऱ्यात बसणार. पाहुणा आल्यासारखा. माझी दातावरची खूण तरी बदलू देऊ नका.

मी इथे टोळीतल्या एकाला आपल्या दोन खुणा शिकवल्या. उगाच, कोणाशी तरी बोलायला. तो त्या वापरतो, पण त्याचा हात ताईसारखा चालत नाही. बघवेना. बंद करायला सांगितलं.

उन्हाळ्यात यायचं जरा अवघड दिसतंय. बोगद्याचं दुसरं तोंड उघडणार आहेत, तिकडे गेलो तर बढती आहे. थंडीत मात्र नक्की, अगदी दगडावरची रेघ. ताईला सांग. बाबांना म्हणावं, बोटांना तेल लावा.

रागातला का होईना, लोभ असू दे.

तुझा
धाकटा


९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आज धपाटा नाही. माझाच हात उचलवत नाही.

बाईंनी वर्गात आठवडा, महिना, वर्ष शिकवलं. ताईने त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, तिचा विश्वासच बसेना. घरी आली ती चप्पल न काढता भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून माझ्यासमोर उभी राहिली, दातावर टिचकी मारली आणि चौकोनांवरून बोट फिरवायला लागली. यातल्या कुठल्या चौकोनात येणार, असं विचारत होती.

आपल्या खुणांत काल होतं, आज होतं आणि हात पुढे टाकला की उद्या होतं. त्याच्या पुढचं कधी लागलंच नाही, म्हणून कोणी बनवलंही नाही. तू उन्हाळा लिहिलास, मी हात पुढे टाकला. तू थंडी लिहिलीस, मी हात आणखी लांब टाकला. पण हात ताणून माणूस किती लांबचं सांगणार? तू गेल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रानंतर मी तिला सांगत आले, की तू उद्या येणार आहेस. ती रोज रात्री तुझं अंथरूण घालायची ती मायेने नव्हे रे. तू सकाळी पोचशील, थकून आलेला असशील, म्हणून. मावशीकडे एक रात्र राहायला जायची नाही, आम्हाला वाटायचं लाजते. तू आलास आणि ती घरात नसली तर, ही तिची भीती. मी तिची आई, मला इतक्या वर्षांत हे कळू नये?

आता पुढचं नीट वाच. मोठ्या शहरातल्या संस्थेत वर्षभराचं शिक्षण आहे. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना शिकवायला ताईसारख्याच मुली तयार करतात, राहायची सोय तिथेच. बाईंनी तिचं नाव सुचवलं, ते मंजूरही झालं. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचंय. ते पत्रक ती उशाशी घेऊन झोपते, पण हो म्हणत नाही. तू येईपर्यंत घर सोडणार नाही म्हणते. जागा गेली तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही.

बाबा म्हणतात, तिला आपण ढकलायचं नाही, थांबवायचंही नाही, पण पोराने खरं कळवावं. आता तिला खरं सांगता येईल एवढी भाषा माझ्या हातात आहे. ते खरं काय, एवढं तू सांग.

वाट बघते. हा शब्द लिहितानाही आता कसंतरी होतं.

तुझी
आई


१६ सप्टेंबर

ती. आईस,
नमस्कार. बाकीची अक्षरं आज सुचत नाहीत.

तुझं पत्र घेऊन मी खडीच्या ढिगावर जाऊन बसलो. मनात आलं ते लिहितो, नंतर रागाव. पहिल्यांदा वाटलं की तुला कळवावं, पुढच्या महिन्यात येतो, तोवर थांबव तिला. आणि ते खोटंही वाटलं नसतं. मी येतो म्हणतो तेव्हा मला खरंच वाटतं की मी निघालोच. बूट घालायचे तेवढे बाकी. मग कोणी म्हणतं पुढे आणखी मोठं काम आहे, की माझे पाय तिकडे.

खरं असं आहे, आई. या वर्षी मी येत नाही. पुढच्या वर्षाचंही मला माहीत नाही. हे तिला असंच सांग. हात पुढे टाकून नको, बाईंच्या भाषेत सांग. सांगताना तिच्यासमोर उजेडात बस, म्हणजे तिला सगळं नीट दिसेल. ती रागावेल, वस्तू आपटेल. आपटू दे. थोड्या वेळाने पत्रक तिच्या हातात दे आणि जायचंय का एवढंच विचार. मी जा म्हणतो म्हणून सांगू नकोस. माझ्या सांगण्यावर ती फार दिवस बसून राहिली.

दुकानाचं बोलणं आता पुरे. पोरांना शिकवणारी बाई होणार असेल तर लोकांच्या कपड्यांना इस्त्री कशाला करत बसेल? मी गिऱ्हाइकांशी काय बोलायचं, हे सगळं मनात पाठ करून ठेवलं होतं. तिला आता माझी गरज नाही, हे चांगलंच झालं असं सगळे म्हणतील. मीही म्हणेन. जरा वेळ दे.

इथे आज मशिन बंद आहे. एवढी शांतता झाली की मला ताईच्या पायांचा आवाज आठवतो. तिला स्वतःला कधी ऐकू आला नाही, म्हणून धपधप चालायची. तिने कधी विचारलं तर सांग, तो आवाज कसा आहे ते फक्त आपल्याला माहीत आहे.

बाबांच्या बोटांना नमस्कार. तुझ्या पायांशी,

धाकटा


३० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. मी मोठी आहे, म्हणून मी आशीर्वाद द्यायचे. हे मला इथे कळलं.

शब्द माझे आहेत. चुका इथल्या बाईंनी काढल्या. थोड्या मी काढू दिल्या नाहीत.

आईने सांगितलं, तू या वर्षी येणार नाहीस. पुढचं माहीत नाही. मी खूप रागावले. तुझ्यावर, आईवर, बाबांवर. बाबांनी काही केलं नव्हतं. त्यांची नवी कपबशी फोडली. त्या रात्री अंथरूण घातलं नाही. झोपले. इतकी झोपले की आई घाबरली, हलवून उठवलं. मग मी हो म्हणाले.

इथे खोलीत आम्ही चौघी आहोत. दिवा घालवला की बोलता येत नाही, म्हणून भांडण दिव्यावरून होतं. मुलं लहान आहेत. एक मुलगी आई सोडून गेली की रडायची. तिची आई शनिवारी येते. मी तिला शनिवार शिकवला. कागदावर चौकोन काढून दिले, ती रोज एक रंगवते. अजून रडते, पण रंगवत रंगवत रडते.

आपल्या घरच्या खुणा इथे कोणाला कळत नाहीत. मी त्या कोणाला शिकवल्या नाहीत. तुझी दाताची खूण तीच आहे. बाईंनी चांगली दुसरी सांगितली, मी नको म्हणाले.

एक सांगते. आधी मला तुझी आठवण येत नव्हती. उद्या येणाऱ्या माणसाची आठवण कशी येईल? आता येते. जेवताना येते, शिकवताना येते. आठवण म्हणजे हे, ते मला बाईंना विचारावं लागलं.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं, असं बाई म्हणतात. लोभ आहे, तो मागायचा कशाला? दुसरं मागते. यायची तारीख ठरली तर तारीख कळव. ठरली नसेल तर ठरली नाही असं कळव. दोन्ही मला आता वाचता येतं.

तुझी
ताई